‘तो सीन’ : चित्रपटरसिकाच्या स्मरणभाषेविषयी

चित्रपटरसिकाने सांगितलेल्या आठवणींकडे समीक्षक सहसा दोन प्रकारे पाहतात. कोणी त्यांस भाबडेपणा म्हणून बाजूस सारतात, तर कोणी चित्रपटाविषयीची साक्ष म्हणून त्या जशाच्या तशा स्वीकारतात. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट दृष्टीआड होते : आठवण ही प्रथमतः भाषिक कृती आहे, आणि तिच्या भाषेचे काही नियम आहेत. हे नियम पाहिल्यावाचून ती नेमकी कशाची साक्ष देते, हे ठरविता यावयाचे नाही.

राहुरीसारख्या, नगर-मनमाड रस्त्यावरील तालुक्याच्या गावी मागील पिढ्यांतील रसिकाला बोलपट पाहावयाचा तो यात्रेच्या निमित्ताने आलेल्या तंबूत, नाही तर नगरला जाऊन. या रसिकाच्या बोलण्यात चित्रपट ‘दाखविला जात’ नाही, तो ‘लागतो’. दिवा लागतो, तहान लागते, वेड लागते, त्याच जातीचे हे क्रियापद. कोणी लावला, याची चौकशी त्यात नाही. पुढे तो चालतो, अथवा ‘पडतो’. नटनटींविषयी हा रसिक एकेरीत बोलतो : दिलीप येतो, मधुबाला हसते. दिग्दर्शकाची गोष्ट निघाली की मात्र ‘शांतारामबापूंनी’ असे आदरार्थी बहुवचन अवतरते. या एकेरीत अनादर नाही, हे सांगावयास नकोच. मराठी माणूस आईला आणि विठ्ठलालाही एकेरीतच हाक मारतो.

याहून महत्त्वाचा विशेष काळाच्या रूपांत आढळतो. पाहण्याचा प्रसंग भूतकाळात सांगितला जातो : पाऊस आला होता, मध्येच रीळ तुटले होते. पडद्यावरील घटना मात्र वर्तमानकाळात येते : तो वळतो, ती पाहते. पण जेथे खरोखर काही पाहावयाचे असते, तेथे हे वर्तमानकाळी कथनही थांबते आणि त्याच्या जागी एक दर्शक सर्वनाम येऊन उभे राहते : ‘तो सीन!’ ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) या चित्रपटाचे उदाहरण घ्यावे. त्यातील भारदस्त उर्दू संवाद, अर्थ पुरता न कळताही, अनेकांनी मुखोद्गत केले. परंतु त्यातील सर्वांत उत्कट प्रणयप्रसंग जवळजवळ निःशब्द आहे. सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवितो आणि पार्श्वभूमीवर बडे गुलाम अली खाँ यांचा स्वर असतो, एवढेच. रसिक संवाद म्हणून दाखवितो. पिसाच्या प्रसंगाविषयी मात्र ‘तो पिसाचा सीन’ एवढे म्हणून ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. हे वर्णन नव्हे, हा निर्देश आहे. ऐकणाऱ्याने चित्रपट पाहिला असेल तर दोघांमध्ये सर्व काही बोलून झालेले असते. पाहिला नसेल तर काहीच बोलले गेलेले नसते.

याचे कारण रसिकाच्या शब्ददारिद्र्यात शोधणे अन्यायाचे होईल. कानाने टिपलेले टिकवून धरण्याची साधने त्याच्यापाशी होती : तबकड्या, गाण्यांची छापील पुस्तके, आणि १९५२ पासून रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमाला. डोळ्याने टिपलेल्यासाठी असे काहीच नव्हते. तंबू उठला की दृश्य गेले. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चे, मुंबई दूरदर्शन १९७२ चे. गावोगावच्या सामान्य रसिकाला जुना चित्रपट पुन्हा पाहावयास मिळू लागला तो त्याच्याही नंतर. तोपर्यंत कानाची स्मृती पुनरावृत्तीने पक्की होत गेली आणि डोळ्याची स्मृती एका सर्वनामावर तगून राहिली.

अशा एकांगी स्मृतीने एखाद्या कलाकृतीचे काय होते, हे ‘माणूस’ (१९३९) या प्रभातच्या चित्रपटावरून स्पष्ट दिसते. नगर जिल्ह्याच्या दृष्टीने त्यास आणखी एक जवळीक आहे : त्याचा नायक शाहू मोडक यांचा जन्म अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर), १९१८ चा. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, त्यांनी ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वरांची भूमिका केली. नेवाशाला लागून असलेल्या या मुलखात त्या भूमिकेने शिपाई गणपतला झाकून टाकले असल्यास नवल नाही. ‘माणूस’मध्ये हा गणपत, पोलीस शिपाई, मैना नावाच्या वेश्येच्या प्रेमात पडतो, तिला आपल्या आईच्या घरी नेतो, परंतु घर म्हणून जे काही असते ते मैनेला पेलवत नाही, आणि शेवटी तिची वाट तुरुंगाकडे जाते. शांतारामांनी हा चित्रपट ‘देवदास’च्या (१९३५) पराभूत प्रेमाला उत्तर म्हणून योजिला. तत्कालीन बाँबे टॉकीजच्या गोड प्रणयदृश्यांची उघड थट्टाही त्यात आहे. प्रणयपटांवर टीका करणारा प्रणयपट, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

आणि तरीही रसिकाला त्यातून आठवते ते मैनेचे गाणे, उद्याची चिंता नको असे सांगणारे. तबकडीने व आकाशवाणीने ते घरोघर नेले, आणि आज ते एक खेळकर, जीवनोत्सुक गीत म्हणून ओळखले जाते. चित्रपटात त्याचा अर्थ काय आहे? मैना ते निरनिराळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांपुढे, त्यांच्या-त्यांच्या भाषांतील तुकडे जोडून गाते. ही बहुभाषिकता राष्ट्रीय ऐक्याची नव्हे, धंद्याची आहे. ज्याची जशी भाषा तसे त्याला रिझवावयाचे. ‘उद्या’ नाकारणे हा तिचा आनंद नसून तिच्या पेशाची अट आहे. गणपत येतो तो नेमका हा नाकारलेला उद्या घेऊन, आणि चित्रपटाचा सारा ताण तेथून सुरू होतो. म्हणजे गाणे ज्या वृत्तीचा उच्चार करते, तिच्याशीच चित्रपटाचे भांडण आहे. दृश्य गळून पडले आणि गाणे उरले, तेव्हा भांडणातील एकच बाजू उरली. प्रेमाने जपूनही रसिकाने ‘माणूस’चा अर्थ उलटा केला आहे, असे म्हणणे कठोर असले तरी चूक नाही.

मराठीतील छापील चित्रपटलेखन या स्मरणभाषेपासून फार दूर नाही. शिरीष कणेकरांच्या (१९४३–२०२३) ‘यादों की बारात’सारख्या लेखनाची सारी लज्जत गप्पांची आहे, वाचकाने पाहिले-ऐकले आहे हे गृहीत धरूनच ते चालते, आणि म्हणून समवयस्काला ते जितके भिडते तितके विशीतील वाचकाला भिडत नाही. उलट अरुण खोपकरांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ या ग्रंथात प्रकाश, चौकट आणि कॅमेऱ्याची हालचाल यांच्यासाठी मराठी शब्द घडविण्याचे कष्ट दिसतात. तेथे ‘तो’ या सर्वनामाच्या जागी वर्णन येते. कणेकरांच्या गप्पांतील ऊब त्या वर्णनात नाही, हेही मान्य करावयास हवे.

राहुरी परिसरात अशा आठवणी ध्वनिमुद्रित करू इच्छिणाऱ्या संशोधकाने म्हणूनच ‘तो सीन’ या शब्दांपाशी होकारार्थी मान हलवून पुढे जाऊ नये. ‘तो म्हणजे कोणता? कोण कोठे उभे होते? उजेड कोठून येत होता?’ असे विचारावे. निवेदक प्रथम चिडेल, मग बहुधा गाणे म्हणू लागेल. तेही नोंदवावे, पण प्रश्न सोडू नये.

मैनेची भूमिका करणाऱ्या शांता हुबळीकर यांना उत्तरायुष्यात फार हलाखी सोसावी लागली. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव आहे ‘कशाला उद्याची बात’. शब्द गाण्यातलेच आहेत. पण त्या मुखपृष्ठावर ते खेळकर वाटत नाहीत.