अडखळण्याचा हक्क



संयोजकांनी मला विषय दिलाय तो 'प्राथमिक शाळेत वाचन-लेखन शिकवताना डिजिटल साधनांचा वापर'. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेही मिसरूड फुटलेल्या मुलांना. या माणसाचा पहिली-दुसरीच्या वर्गाशी काय संबंध, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. संबंध आहे, आणि तो जरा लाजिरवाणा आहे. तिथूनच सुरुवात करतो.

'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे शाळा 'डिजिटल' करण्याची लाट आली, हे तुम्हाला आठवत असेल. गावोगावी लोकवर्गणी झाली. आमच्या गावच्या शाळेसाठीही झाली. मीही पैसे दिले, टॅबसमोर नारळ फोडला आणि भाषणही ठोकलं. ज्ञानाची दारं उघडली वगैरे. (हशा) तुम्ही हसताय, पण त्या दिवशी टाळ्या पडल्या होत्या.

दोनेक वर्षांनी मी त्याच शाळेत गेलो. दुसरीच्या वर्गात एका मुलीनं मला पुस्तकातली कविता वाचून दाखवली. सुरेख चाल, हातवारे, एकही चूक नाही. ओळीखालून बोटही फिरत होतं. माझं लक्ष सहज त्या बोटाकडे गेलं. बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि आवाज चौथ्या ओळीवर! मी फळ्यावर त्याच कवितेतला एक शब्द लिहिला : 'किती'. म्हटलं, बाळ, एवढंच वाच. तिनं फळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. शब्द माझ्या ओठांवर उमटेल, अशी वाट पाहत होती ती.

पानावरच्या क्यूआर कोडनं ती कविता तिला किती वेळा ऐकवली असेल, कोण जाणे. तिनं कसलीही लबाडी केली नव्हती. आपण करतोय ते वाचन नव्हे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ते यंत्र आणून ठेवणाऱ्यांत मी होतो.

आता म्हातारा माणूस यंत्राला शिव्या देणार, अशी तुमची अपेक्षा असेल. तसं करणार नाही, कारण ही तक्रार फार जुनी आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात एक गोष्ट येते. थ्यूथ हा देव लेखनविद्येचा शोध लावतो आणि ती इजिप्तच्या राजाकडे, थामसकडे घेऊन जातो. राजा म्हणतो, यानं माणसं विसराळू होतील, ज्ञानी नसताना ज्ञानी दिसतील. ही गोष्ट आपल्याला कळली कशी? प्लेटोनं लिहून ठेवली म्हणून! तेव्हा नव्या साधनाबद्दल म्हाताऱ्यांनी केलेली कुरकुर जपूनच ऐकावी, माझीसुद्धा. आणि पाटी-पेन्सिल तरी काय, तेही कधीतरी नवं यंत्रच होतं. म्हणून पाटी की पडदा, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. वाचायला शिकताना काही कष्ट असे असतात, की ते दुसऱ्यानं केले तर शिकणंच होत नाही. पोहण्यासारखं. ते कष्ट नेमके कुठले?

'किती' हाच शब्द घ्या. आपल्याला तो किती सोपा! पण त्यात दोन वेलांट्या आहेत. पहिली ऱ्हस्व, ती 'क'च्या आधी लिहितात आणि उच्चारतात मात्र 'क'च्या नंतर. दुसरी दीर्घ, ती 'त'च्या नंतरच येते. म्हणजे पोराचा डोळा डावीकडून उजवीकडे चाललाय, त्याला आधी वेलांटी भेटते, ती क्षणभर मनात धरून ठेवायची, 'क' घ्यायचा, मग वेलांटी सोडायची. पुढच्याच अक्षराला हा क्रम बदलतो. सहा-सात वर्षांच्या मुलाची केवढी कसरत आहे ही! इथे ते अडखळतं. दोन सेकंद, चार सेकंद. ओठ हलतात, आवाज येत नाही. माझं म्हणणं असं की त्या चार सेकंदांतच वाचन जन्माला येतं. आणि तेवढ्यात पडद्यानं गोड आवाजात 'किती' म्हणून टाकलं, तर ते जन्माआधीच संपतं.

लेखनाचंही तसंच आहे. २०१२ साली अमेरिकेत कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचता न येणारी पाचेक वर्षांची मुलं घेतली. त्यांनी काही अक्षरं मोकळ्या हातानं काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळ दाबून उमटवली. मग तीच अक्षरं पाहताना त्यांच्या मेंदूत काय घडतं, ते यंत्रानं तपासलं. वाचनात कामाला येणारे मेंदूचे भाग मोकळ्या हातानं काढलेल्या अक्षरांना जसे जागे झाले, तसे बाकीच्यांना झाले नाहीत. प्रयोग थोड्या मुलांवरचा आहे आणि रोमन अक्षरांवरचा आहे, त्यावर इमला बांधू नये. पण त्याची एक उपपत्ती मला पटते, कारण आमच्या न्यायदर्शनाशी ती जुळते.

नैयायिक विचारतात, इतक्या वेगवेगळ्या गाई पाहून आपण सगळ्यांना 'गाय'च कसं म्हणतो? त्यांचं उत्तर, त्या सगळ्यांत एक 'गोत्व' आहे, जाती आहे. आता मुलानं पाटीवर काढलेले वीस 'ग' पाहा. एक लठ्ठ, एक रोडका, एकाचा काना दांडी मारून बसलेला, एक चक्क आडवा झोपलेला. (हशा) या वीस वाकड्या 'ग'मधून मुलाला 'ग'पण सापडतं. कुठला फरक चालतो आणि कुठला चालत नाही, हे त्याला हातानं कळतं. ॲपमधला 'ग' मात्र हजार वेळा एकसारखाच. ठिपक्यांच्या रुळावरून बोट घसरलं की तारा मिळतो, पण निर्णय मुलानं एकही घेतलेला नसतो.

मराठीपुरत्या आणखी दोन अडचणी सांगतो, कारण ही साधनं बनवणाऱ्यांच्या त्या गावीही नसतात. शासनानं २००९ साली मराठी लिपीबाबत निर्णय काढला आणि 'ल' व 'श' यांची मराठी वळणं ठरवून दिली. पुस्तकात ती वळणं असतात. पण पुष्कळ फोनवर, टॅबवर अक्षरं दिसतात ती हिंदी वळणाची. आमच्या शाळेतल्या एका मुलानं मला विचारलं, "आजोबा, हा कुठला ल?" मोठ्या माणसाला जे खटकतही नाही, तिथे हे पोर अडलं होतं. आणि हे अडणं शिकवणारं नव्हे, ती नुसती ठेच.

दुसरी अडचण आपल्या मराठीतल्या चंद्रकोरीसारख्या 'र'ची. 'आचार्याला' दक्षिणा द्यायची असते आणि 'आचाऱ्याला' स्वयंपाकाची मजुरी. (हशा) अक्षरांत फरक एवढासा, उच्चारात आघाताचा, अर्थात केवढा! पण फोनवर स्वाध्याय तयार करून पाठवणाऱ्या कितीतरी शिक्षकांना हे अक्षर कसं उमटवायचं ते सापडत नाही. मग मुलांपुढे जातं ते चुकीचंच.

एवढं बोललो म्हणजे साधनं अडगळीत टाका, असं नाही. ती कुठे उपयोगी पडली, तेही पाहायला हवं. प्रथम बुक्सनं २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. मराठीतल्या कितीतरी गोष्टी तिथे फुकट मिळतात. ज्या शाळेत पाठ्यपुस्तकाखेरीज छापलेला कागद नाही, तिथे ही श्रीमंतीच. ब्रिज कोठारी यांनी १९९९ साली गुजरातेत टीव्हीवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी दाखवायला सुरुवात केली. अर्धवट वाचता येणाऱ्यांना त्यातून न कळत सराव मिळतो. दिल्लीत 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाची रीतसर चाचणी झाली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. साडेचार महिन्यांत मुलांचं हिंदी आणि गणित, दोन्ही सुधारलं. कारण साधं होतं. मूल कितव्या इयत्तेत बसतं हे न पाहता, ते खरोखर कुठे आहे हे पाहून कार्यक्रम त्याला काम देत होता. चाळीस मुलांच्या वर्गात एका शिक्षकाला रोज ते कसं जमावं? पण लक्षात घ्या, डोकं चालवायचं काम तिथेही मुलाकडेच होतं.

आणि क्यूआर कोडबद्दल माझा आकस नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्यात या कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. पुस्तकाबाहेरचं जग पानावर आणण्याची ती खिडकी आहे. तक्रार आहे ती त्या खिडकीतून पुस्तकच बाहेर फेकण्याबद्दल.

तेव्हा कसोटी अशी : हे साधन कष्ट कोणाचे वाचवतं? शिक्षकाचे वाचवत असेल, गोष्टी शोधण्याचे, मुलांची पातळी ताडण्याचे, नोंदी ठेवण्याचे, तर त्याचं स्वागत. मुलाचे वाचवत असेल, तर थांबा आणि विचारा, हे कष्ट म्हणजेच तर शिक्षण नव्हतं ना?

या कसोटीला अपवाद आहेत. न दिसणाऱ्या मुलाला किंवा वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला ऐकू येणारं पुस्तक म्हणजे दार आहे, ते कोणी बंद करू नये. मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल शाळेत येतं, तेव्हा मराठी त्याच्या कानावरच पडलेली नसते. त्यानं आधी भरपूर ऐकायलाच हवं, शक्य तर स्वतःच्या भाषेतही.

एक आक्षेप मात्र मला अस्वस्थ करतो. एक शिक्षक आणि चार इयत्ता. अशा शाळेत पडदा काहीच नसण्यापेक्षा बरा नव्हे का? बरा, हे कबूल. पण मग तो पडदा साधन म्हणून नव्हे, रिकाम्या खुर्चीवर घातलेला अभ्रा म्हणून वापरला जातो. खुर्ची रिकामी आहे, हे दिसेनासं होतं.

'असर'ची पाहणी पाहा. ग्रामीण भारतात पाचवीतली जी मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती, त्यांचं प्रमाण २०१८ साली ५०.५ टक्के होतं, ते २०२२ साली ४२.८ टक्क्यांवर आलं. त्याच काळात स्मार्टफोन असलेली घरं दुपटीच्या आसपास वाढली. फोनमुळे वाचन घसरलं, असं मी म्हणत नाही. शाळाच बंद होत्या, तो अनुमानाचा दोष होईल. एवढंच म्हणतो, की शाळा गेली तेव्हा फोन घरात होता, आणि तो पुरला नाही.

आता शेवट. त्या मुलीचं काय झालं? त्या दिवशी मी वर्गाच्या बाईंशी बोललो. मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "सर, मलाही दिसत होतं. पण अधिकारी आले की टॅब चालू आहे का, एवढंच बघतात." मग त्यांनीच एक नियम केला : आधी पान, मग पडदा. कविता स्वतः वाचून झाली की मगच कोड. आणखी एक युक्ती काढली, ती मला कधी सुचली नसती. टॅबवर मुलांचंच वाचन रेकॉर्ड करायचं आणि त्यांनाच ऐकवायचं. आपण कुठे अडखळलो ते मूल आपल्याच आवाजात ऐकतं, खुदकन हसतं आणि पुन्हा वाचतं. तोच टॅब, लोकवर्गणीचाच!

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या मुलीनं मला एक धडा वाचून दाखवला. चाल नव्हती, हातवारे नव्हते. एका जोडाक्षरापाशी ती थांबली. मला शब्द सांगायची फार इच्छा झाली. मास्तरकी जात नाही हो! बाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. बऱ्याच वेळानं तो शब्द आला, जरा मोडकातोडका. पण बोट आणि आवाज एकाच शब्दावर होते.

पुढच्या वेळी तुमच्या गावच्या शाळेत कुणी तुम्हाला नारळ फोडायला बोलावलं, तर जरूर जा. फक्त नारळ फोडण्याआधी एक मूल जवळ घ्या, फळ्यावर एक शब्द लिहा आणि गप्प उभे राहा.