‘८९ टक्के’वाली स्लाइड आणि वालीवचा प्रेस

देखभालीवरच्या कुठल्याही प्रशिक्षणाला जाऊन बसा. समोर कारखानदार, प्लांट हेड, प्रॉडक्शन मॅनेजर अशी मंडळी असतील तर जेवणाच्या सुट्टीआधी एक स्लाइड हमखास येते. सहा छोटे आलेख, आणि खाली ठळक अक्षरांत ‘८९ टक्के बिघाडांचा यंत्राच्या वयाशी संबंध नसतो’. मी ती वसई पूर्वेच्या एका हॉलमध्ये पाहिली. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांचे मालक आले होते आणि मी शेवटच्या रांगेत फीडबॅक फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसले होते. माझ्या पीएचडीचा तो पहिला डेटा होणार होता.

शेजारी एक काका होते, शीट मेटलच्या जॉबवर्कवाले. स्लाइड बघून खूश झाले. “हेच मी आमच्या फिटरला सांगतो. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?”

मी तेव्हा हसले. विरारला परतताना लोकलमध्ये लक्षात आलं, की काकांनी स्लाइडचा अर्थ बरोबरच लावला होता. गडबड स्लाइडमध्ये होती. आणि मूळ अहवाल तोवर मी उघडलाही नव्हता, नुसता प्रपोजलमध्ये उद्धृत केला होता. (तुम्हीही असं केलं असेल. आत्ताच जाऊन उघडा.)

तो अहवाल डिसेंबर १९७८ चा. लेखक स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप, दोघे युनायटेड एअरलाइन्सचे. काम अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी. तोवर समज असा, की प्रत्येक भागाचं एक ठरलेलं वय असतं, ते भरत आलं की काढा, उघडा, बदला. नोलन-हीप यांनी हा समज मोडला आणि त्याचे दाखले जबरदस्त आहेत. डीसी-८ विमानात ३३९ भाग ठरावीक वेळेने ओव्हरहॉलला जात. नंतरच्या डीसी-१० मध्ये उरले फक्त सात, आणि सुरक्षितता कमी झाली नाही. उलट ६८ टक्के प्रकारचे भाग असे निघाले, की बसवल्यावर सुरुवातीलाच बिघडण्याची शक्यता जास्त आणि नंतर ती सपाट. म्हणजे चांगलं चाललेलं यंत्र उगाच उघडणं हेही बिघाडाचं एक कारण असतं. गाळ्यातला कुठलाही जुना फिटर हे तुम्हाला चहा पिता पिता सांगेल.

आता स्लाइडचं वाक्य परत वाचा. ‘८९ टक्के बिघाड’. अहवालातली टक्केवारी बिघाडांची नाहीच, ती भागांच्या प्रकारांची आहे. अभ्यासलेल्या भागांपैकी ८९ टक्के प्रकारांत वयानुसार झीज वाढण्याचा टप्पा दिसला नाही, एवढंच तिथे म्हटलंय. वर्षातून दहादा बिघडणारा भाग आणि दहा वर्षांत एकदा बिघडणारा भाग, दोघांची या मोजणीत किंमत सारखीच. ‘भाग’ या जागी ‘बिघाड’ आला आणि वाक्याचा अर्थ पार बदलला. छेद कशाचा आहे, हे न बघता टक्केवारी उचलणं ही आपल्या साहित्य-आढाव्यांतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग चूक आहे.

दुसरी गोष्ट, हे भाग कोणाचे? विमानांचे. पुढे अमेरिकी नौदलाच्या यंत्रांवर तसेच अभ्यास झाले. १९८२ च्या अभ्यासात वयाशी संबंध असलेले प्रकार ११ वरून २३ टक्क्यांवर गेले, पाणबुड्यांवरच्या २००१ च्या अभ्यासात २९ वर. खारं पाणी, गंज. वसईच्या खाडीकाठच्या हवेत सहा महिने उघडी पडलेली शाफ्ट ज्याने पाहिलीय, त्याला आपला गाळा विमानाच्या जवळचा वाटतो की जहाजाच्या, हे विचारून बघा. तरीही नौदलाच्या दोन्ही अभ्यासांत वयाशी संबंध असलेले प्रकार अल्पमतातच आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. स्लाइडची दिशा चूक नाही. तिचा ठामपणा चूक आहे.

आणि विमान कंपनीने ‘हात लावू नका’ असं कधीच म्हटलं नव्हतं. तिने उघडणं कमी केलं आणि बघणं वाढवलं. तेलात धातूचे कण दिसतात का, कंप वाढलाय का, तडा गेलाय का. शिवाय विमानात एक पंप गेला तर दुसरा असतो. वालीवच्या गाळ्यात एक कंप्रेसर असतो. तो बसला की अख्खी शिफ्ट बसते आणि टेम्पो दारात उभा राहतो. काकांच्या हातात अहवालाचा पहिला अर्धा भाग आला, दुसरा आलाच नाही.

पण माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. या अहवालातली सर्वांत उपयोगी कल्पना टक्केवारीची नाहीच. ती आहे लपलेल्या बिघाडाची. काही भाग असे असतात, की ते मेले तरी रोजच्या कामात कोणाला कळत नाही. प्रेसच्या गार्डचा लिमिट स्विच घ्या. तो चिकटला, किंवा कोणी तारेने बांधून टाकला, तर प्रेस थांबत नाही. उलट पटापट चालतो. कळतं केव्हा? क्लचची की झिजून एकदाच पेडल दाबल्यावर रॅम दुसऱ्यांदा खाली येतो तेव्हा. त्याक्षणी ऑपरेटरचा हात कुठे आहे, एवढाच प्रश्न उरतो. अशा भागांसाठी नोलन-हीप यांनी वेगळं काम सांगितलंय. बिघाडाची वाट बघू नका, ठरावीक दिवसांनी मुद्दाम तपासून बघा, जिवंत आहे का.

मी बसले होते त्या दिवशी हा शब्दसुद्धा उच्चारला गेला नाही. दिवसभर भर होता ओईईवर. म्हणजे यंत्र किती वेळ उपलब्ध होतं, किती वेगाने चाललं आणि किती माल चांगला निघाला, यांचा गुणाकार. टीपीएममधला हा आकडा चांगला आहे, मी स्वतः वापरते. पण गार्ड बांधून ठेवला तर ओईई वाढतो! मालकाला तोच एक आकडा शिकवून पाठवलंत, तर त्याचं बक्षीस नेमकं कशाला जाणार? आणि हे मालकालाच शिकवावं लागतं, कारण टेम्पो उभा असताना प्रेस थांबवायचा अधिकार फिटरला नसतो, शेठना असतो.

आता माझी स्वतःची चूक. फीडबॅक फॉर्मची सरासरी मस्त आली. मी तक्ता केला आणि लिहिलं, ‘प्रशिक्षण परिणामकारक ठरले’. गाइडनी एकच प्रश्न विचारला, “फॉर्म भरणाऱ्याने सोमवारी गाळ्यात काय वेगळं केलं?” डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या. आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम झाला का. माझ्याकडे पहिली पायरी होती आणि निष्कर्ष चौथीचा. या विषयावरचे पेपर वाचताना हेच तपासा. ‘उद्योगप्रमुखांमध्ये जागरूकता वाढली’ असं लिहिलेलं दिसलं, की ती कशावरून मोजली ते पद्धतीच्या भागात शोधा. बऱ्याचदा त्याच दुपारचा फॉर्म सापडतो.

तीन महिन्यांनी मी त्यातल्या काही गाळ्यांत गेले. भिंतीवर ग्रीसिंगचे तक्ते लागले होते, सुबक, प्लास्टिकमध्ये. एका तक्त्यावर महिनाभराच्या सगळ्या टिक एकाच निळ्या पेनने, एकाच बैठकीत केलेल्या. काकांकडेही गेले. त्यांनी मोकळेपणाने मशीन दाखवलं. बेअरिंगच्या आवाजाकडे ते आता रोज सकाळी लक्ष देतात म्हणाले, आणि खरंच देत होते. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला, मूठ कानाला. हे प्रशिक्षणातूनच आलं होतं, त्याचं श्रेय द्यायला हवं. मग मी गार्डकडे बोट दाखवलं. स्विचला तांब्याची तार गुंडाळलेली.

“मॅडम, हे त्या दिवशी कोणी विचारलंच नव्हतं.”

सध्या माझ्या प्रश्नावलीचं पहिलं पान तेच आहे. या यंत्रातलं काय बिघडलं तर तुम्हाला कळणार नाही? मालकाला वेगळं विचारते, ऑपरेटरला वेगळं, आणि मालक समोर असताना ऑपरेटरला विचारत नाही. दोघांच्या याद्या अजून एकदाही जुळलेल्या नाहीत.