श्रद्धेला नव्हे, युक्तिवादाला गुण

इंग्लंडमध्ये शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत ‘धर्म-अभ्यास’ हा ऐच्छिक विषय घेता येतो. २०१६ पासूनच्या ए-लेव्हल अभ्यासक्रमात माहितीला ४० टक्के, तर विश्लेषण व मूल्यमापनाला ६० टक्के गुण आहेत. विद्यार्थी काय मानतो याला गुण नाहीत. ते तो कसे पटवून देतो याला आहेत. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच, हा पेलीचा १८०२ चा युक्तिवाद तो अभ्यासतो. अशा युक्तिवादांवरील ह्यूमचे आक्षेपही. ही जमेची बाजू.

उणीव अशी, की डार्विनने १८५९ मध्ये मांडलेला पुरावा निबंधात केवळ ‘दुसरे मत’ ठरू शकतो. मते तोलता येतात. पुरावा तपासावा लागतो. मात्र आपल्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘कशावरून?’ या प्रश्नाला किती गुण असतात, हेही शिक्षकांनी एकदा मोजून पाहावे.