चौकटीतला संकासुर

दहावीचं 'कुमारभारती' आठवतंय? धडा संपला की स्वाध्याय आणि स्वाध्यायात चौकटी. बाण, गोल, ओघतक्ते, तुलनेचे दोन रकाने आणि सगळ्यात शेवटी 'स्वमत'. बालभारतीचं हे पुस्तक २०१८ साली आलं. मार्च २०१९च्या परीक्षेपासून प्रश्नपत्रिकाही 'कृतिपत्रिका' झाली. हेतू चांगला होता. पाठ केलेली उत्तरं ओकण्याऐवजी मुलांनी उतारा वाचावा, त्यावर काहीतरी करावं, स्वतःचं मत मांडावं, असा तो हेतू. म्हणूनच नावात 'कृती' आली.

मी मालवणात दहावीची मराठीची शिकवणी घेते. त्यामुळे हे पुस्तक दर वर्षी जूनपासून फेब्रुवारीपर्यंत माझ्या हातात असतं. पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. नारायण सुर्वे, इंदिरा संत, पु. ल. एकाच पुस्तकात भेटतात, आणखी काय हवं? तक्रार आहे ती त्या 'कृती'बद्दल. ती करताना मुलाला तोंड उघडावं लागत नाही आणि दुसऱ्याचं ऐकावंही लागत नाही. पेन्सिल घ्यायची, उताऱ्यातला शब्द उचलायचा आणि चौकटीत ठेवायचा. स्वमतही सुटलेलं नाही. तुमचं मत काय असावं हे गाईडमध्ये छापलेलं असतं आणि यूट्यूबवर 'पैकीच्या पैकी गुण' अशा शीर्षकाखाली ते वाचूनही दाखवतात. मग दहा वह्यांमध्ये एकच 'स्वमत' सापडतं, तेही त्याच स्वल्पविरामांसकट.

'उपास' हा धडाच घ्या. 'बटाट्याची चाळ'मधला हा तुकडा. पु. लं.नी ही चाळ रंगमंचावर एकट्यानं उभी केली होती. म्हणजे हे लेखन मुळातच आवाजाचं आहे. पंत वजन उतरवायचं ठरवतात आणि अख्खी चाळ सल्ले द्यायला येते. कुणी म्हणतं हे सोडा, कुणी म्हणतं ते सोडा. गंमत त्या परस्परविरोधी सल्ल्यांत आहे, माणूस बदलला की भाषा बदलते त्यात आहे. आता यावर आकृती काढा. सल्ला देणारा डावीकडे, सल्ला उजवीकडे, मध्ये बाण. उत्तर बरोबर येतं, पण एकही मूल हसत नाही. विनोदी धड्याचा इतका गंभीर पंचनामा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता आमच्याकडच्या दुसऱ्या 'कृती'कडे या. दिवाळी सरली की सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि देवळापुढं रात्रभर दशावतार रंगतो. एक बाकडं, मागे पडदा, बाजूला हार्मोनियम, मृदंग आणि झांज. नटांच्या हातात संहिता नसते. कुठलं आख्यान, कोण कुठल्या भूमिकेत, प्रसंगांचा क्रम काय, एवढं आधी ठरतं. संवाद उभ्या जागी सुचतात. म्हणजे इथंही चौकटच आहे आणि तीही रिकामीच आहे! फरक एवढाच की समोरचा राजा काय बोलेल हे तुम्हाला ठाऊक नसतं. त्याचं बोलणं नीट ऐकलं नाही, तर तुमचं वाक्य हवेत जातं आणि प्रेक्षक लगेच ओळखतात.

यात भाषेचा एक मोठा धडा लपलेला आहे. दशावतारातले देव आणि राजे भारदस्त, संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात. संकासुर मात्र मालवणीत टोले हाणतो. समोर बसलेल्या पोराला दोन्ही भाषा कळतात. कुठली कधी वापरायची हेही त्याला कळतं. वर्गात हेच पोर 'माका' म्हणालं की त्याला थांबवतात. प्रमाणभाषा शिकवायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण ती मालवणीच्या शेजारी उभी करून शिकवता येते, हे आमच्या गावच्या जत्रेला शाळेच्या आधी कळलेलं आहे.

म्हणून 'उपास' शिकवताना मी आधी वही बंद ठेवायला लावते. प्रसंग दोन मिनिटांत सांगायचा. एक मूल पंत, बाकीची चाळ. नियम तीन. आधीच्यानं दिलेला सल्ला पुन्हा द्यायचा नाही. पंतानं हरकत घेतली तर तिला उत्तर दिल्याशिवाय पुढं जायचं नाही. पंत प्रमाण मराठीत बोलणार, शेजारी मालवणीत, आणि अर्ध्यात अदलाबदल. एकदा अदलाबदलीनंतर मालवणीत शिरलेल्या एका पंतानं भात सोडायच्या सल्ल्यावर विचारलं, "भात सोडलंय तर ह्या निस्त्याक वाली कोण?" सगळी पोरं फुटली. पु. लं.चा विनोद कसा चालतो हे मला वेगळं समजवावं लागलं नाही. नंतर वह्या उघडल्या तेव्हा आकृती पाच मिनिटांत भरली, कारण कोण काय म्हणालं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

यावर आक्षेप येतात, आणि ते खरे आहेत. शाळेच्या भरलेल्या वर्गात हे कसं जमणार? सगळ्यांना एकदम नाहीच जमणार. पण सहा जण बोलत असताना बाकीच्यांना 'कुठला सल्ला दुसऱ्यांदा आला' हे पकडायचं काम देता येतं. तेही ऐकणंच आहे. दुसरा आक्षेप असा की दशावतारी नटाकडेही ठेवणीतली वाक्यं असतात, तोही पाठांतरच करतो. करतो की! पण ते पाठांतर समोरच्याच्या वाक्याला भिडवावं लागतं, आयत्या वेळी वाकवावं लागतं. गाईडमधल्या स्वमताला समोर कुणी नसतंच. आणि पारंपरिक दशावतारात बाईचं कामही पुरुषच करतो, हे मी विसरलेले नाही. वर्गात आणायची आहे ती रीत. तिथं माझ्या मुली राजा होतात आणि संकासुरही.

मग हे सगळीकडे का होत नाही? आकडे पाहा. २०१९ साली भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले होते आणि लेखी परीक्षा १०० गुणांची झाली होती. त्यात अभ्यासक्रमही नवा. राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या ओरडीत 'मुलांचं बोलणं गेलं' असं म्हणणारा आवाज मी फारसा ऐकला नाही. 'गुण गेले' हाच सूर होता. त्यामुळे परत आले तेही गुणच. ज्या ऐकण्या-बोलण्यासाठी ते द्यायचे, ते कितीतरी ठिकाणी मुलाला उभं करून दोन वाक्यं म्हणवून घेण्यात उरकतं.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून होणारं आमचं कोकण विभागीय मंडळ दहावीच्या निकालात राज्यात पहिलं येतं. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, आमचा ९८.८२. याचा मला अभिमान आहे, उपरोध नाही. पण जवळजवळ सगळेच पास होत असतील, तर प्रयोग करायला सगळ्यात कमी भीती आम्हालाच असायला हवी. नापास होण्याची धास्ती जिथं उरलेली नाही, तिथंच वही दहा मिनिटं बंद ठेवता येईल. आम्ही ती ठेवत नाही. ९८.८२चे ९९ कसे होतील याच्या मागे लागतो.

आणि याची किंमत दहावीत दिसत नाही. पुढं मुलाखतीत, बँकेच्या काउंटरवर, ग्रामसभेत, पर्यटकाशी दराची घासाघीस करताना दिसते. तिथं उतारा नसतो आणि चौकटही नसते. समोर माणूस असतो आणि तो काय बोलेल हे कुठल्याच गाईडमध्ये छापलेलं नसतं. पहाटे दहीकाला होईपर्यंत बाकड्यासमोर जागणाऱ्या पोरानं हे शेकडो वेळा पाहिलेलं आहे. त्याला ते वर्गात करू द्यायचं, एवढंच आपलं काम. कृतिपत्रिकेतल्या 'कृती'ला तेव्हा कुठं अर्थ येईल.