पेनिसिलिनच्या कथेतील गाळलेला भाग

पेनिसिलिनच्या शोधाची कथा आपल्याकडील विज्ञानविषयक पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून वारंवार येते. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी उगवली, तिच्याभोवतीचे जिवाणू नाहीसे झाले आणि जगाला संजीवनी मिळाली! कथा रंजक आहे. परंतु त्या बशीपासून पहिल्या यशस्वी प्राणिप्रयोगापर्यंत बारा वर्षे गेली. ती का गेली, हे सांगण्याची तसदी फारच थोडे लेखक घेतात.

त्याचे मुख्य कारण शुद्धीकरणातील अडचण हे होते. बुरशी ज्या द्रवात वाढते, त्यात पेनिसिलिन अत्यल्प आणि इतर पदार्थच अधिक असतात. शिवाय ते उष्णतेने नष्ट होते, म्हणून द्रव आटवता येत नाही. १९३२ साली हॅरॉल्ड रेस्ट्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा द्रव आम्लधर्मी करून ईथरबरोबर घुसळला. पेनिसिलिन पाण्यातून ईथरमध्ये गेले, पण ईथर उडवून देताच त्याचा गुणही नाहीसा झाला. काम तेथेच थांबले.

ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांच्याबरोबर काम करणाऱ्या नॉर्मन हीटली यांनी यावर साधा उपाय सुचवला. ईथर उडवायचेच नाही. ते किंचित अल्कधर्मी पाण्याबरोबर पुन्हा घुसळायचे. पेनिसिलिन हे स्वतः एक आम्ल आहे. आम्लधर्मी पाण्यात त्याच्या रेणूंवर विद्युतभार नसतो, म्हणून ते ईथर पसंत करतात. सामू वाढला की रेणू भारित होतात आणि पाण्यात परततात. पहिल्या फेरीत पाणी न सोडणारी अशुद्धी मागे राहते, तर दुसऱ्या फेरीत ईथर न सोडणारी. आम्लात पेनिसिलिन टिकत नसल्याने पहिली फेरी थंड ठेवून झटपट उरकावी लागते, एवढेच पथ्य.

या रीतीने मिळालेल्या औषधाच्या बळावर २५ मे १९४० रोजी आठ उंदरांवर प्रयोग झाला. सर्वांना घातक जंतू टोचले आणि चौघांना पेनिसिलिन दिले. औषध न दिलेले चारही उंदीर रात्रीतच मेले. औषध दिलेले दुसऱ्या दिवशी जिवंत होते. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना मिळाले. हीटलींना त्यात वाटा नव्हता. ऑक्सफर्डने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९९० साली.

प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. प्रचलित कथेतून विद्यार्थी असा निष्कर्ष काढतो की, शोध म्हणजे नशिबाने दिसलेली गोष्ट, आणि पुढचे सारे हमाली काम. वस्तुस्थिती अशी की, निरीक्षणाचे औषध झाले ते एका रसायनशास्त्रीय विचारामुळे. आणि तो विचार दहावीच्या आम्ल-आम्लारीच्या धड्यापासून फार दूर नाही.

'हे मुलांना अवघड जाईल' हा आक्षेप टिकणारा नाही. परीक्षानळीत पाण्यात टिंक्चर आयोडीनचे थोडे थेंब टाकावेत, वर रॉकेल ओतून नळी हलवावी व स्थिर ठेवावी (जवळ ज्योत नको). रॉकेलच्या थराला जांभळट-गुलाबी रंग येतो. एका द्रवातून दुसऱ्यात जाणे म्हणजे काय, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. सामू बदलून पदार्थाला परत बोलावण्याची युक्ती त्यानंतर सांगावी.

आपली पाठ्यपुस्तके मात्र तोटीचे नरसाळे, तेल आणि पाणी यांवरच थांबतात. त्यात दोन द्रव वेगळे होतात. द्रवात विरघळलेला पदार्थ निवडून काढण्याचा मुद्दा राहूनच जातो. जैवतंत्रज्ञानाला गरज आहे ती या दुसऱ्या गोष्टीची. प्रथिनांना ईथरसारखी विद्रावके बहुधा सोसत नाहीत. म्हणून स्वीडनचे पेर-ओके अल्बर्टसन यांनी १९५० च्या दशकात पॉलिएथिलीन ग्लायकॉल व डेक्स्ट्रान ही बहुवारिके पाण्यात मिसळून दोन थर मिळवले. दोन्ही थर मुख्यतः पाण्याचेच, तरीही एकमेकांत न मिसळणारे! अशा थरांत प्रथिने इजा न होता वाटली जातात.

फ्लेमिंगची बशी धड्यात अवश्य असावी. तिच्याशेजारी हीटलींच्या दोन फेऱ्यांसाठी चार ओळी राखल्या, तर बारा वर्षांचा उलगडा होईल आणि विद्यार्थ्याला रसायनशास्त्राचा उपयोगही कळेल.