आंब्यांची टोपली कुठे गेली?

केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या छापील पुस्तकांचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहांतली सुबक, रंगीत पानं फोनवर मोठी करून बघायला मलाही आवडतात. पण या संग्रहातलं मला सर्वांत जवळचं वाटणारं पुस्तक दिसायला अगदीच साधं आहे. ते म्हणजे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेले संवाद, गोव्यात १५६३ साली छापलेले. छपाईच्या चुका इतक्या, की शुद्धिपत्रच पानंच्या पानं चालतं.

केंब्रिजची प्रत क्लूसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाची. तिच्यात त्याच्या हातची टिपणं आहेत. १५६७ साली त्याने अँटवर्पहून या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप काढला आणि युरोपातल्या विद्वानांनी ओर्ता वाचला तो मुख्यतः असा.

क्लूसियसचं काम नेटकं आहे. त्याच्याशिवाय हे पुस्तक इतकं पसरलंही नसतं. पण त्याने संवाद काढून टाकला, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

मूळ पुस्तकात ओर्ता आणि रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा गप्पा मारतात. नोकर मध्येच येऊन सांगतो, की मुंबईहून कूळ आंब्यांची टोपली घेऊन आलंय, आणि बोलणं आंब्यावर वळतं. एके ठिकाणी ओर्ता कबूल करतो, की स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची हिंमत झाली नसती. माहिती कुणी, कुठे बसून, कशाच्या बळावर सांगितली, हे संवादात दिसतं. संक्षेपात नुसता निष्कर्ष उरतो.

ओर्ता धर्मांतरित ज्यू घराण्यातला. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्येच आलं होतं. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. अशा गावात राहणाऱ्या माणसाने मोकळ्या वादाचं पुस्तक लिहिलं. त्यातला वादच काढला तर फक्त मसाल्यांची यादी हाती येते.

आपणही हल्ली सारांशच वाचतो, मीसुद्धा. म्हणून एवढंच सुचवतो: मार्कहॅमचं १९१३ सालचं इंग्रजी भाषांतर मिळवा आणि आंब्याच्या प्रकरणापासून सुरुवात करा. टोपली तिथे अजून आहे.