आपला माणूस उभा राहिला म्हणून मतदान वाढतं का?

‘आपला माणूस निवडून आला की आपले लोक मतदानाला बाहेर पडतात’ हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. आज आपण ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मतदारांच्या बाबतीत तपासू. तिथं या प्रश्नावर भरपूर अभ्यास झालाय, आणि त्या अभ्यासाबद्दल आम्हाला काही म्हणायचंही आहे.

या समजाला मोठा आधार दिला तो लॉरेन्स बोबो आणि फ्रँकलिन गिलियम यांच्या १९९० च्या लेखानं. १९८७ मधल्या एका देशव्यापी सर्वेक्षणावरून त्यांनी मांडलं, की जिथं महापौर कृष्णवर्णीय आहे तिथले कृष्णवर्णीय नागरिक इतर ठिकाणच्या आपल्या बांधवांपेक्षा राजकारणात जास्त भाग घेतात. इतकंच नव्हे, तर तशाच आर्थिक स्थितीतल्या गोऱ्यांपेक्षाही जास्त. सत्तेत आपला माणूस दिसला की विश्वास वाढतो, असं त्यांचं स्पष्टीकरण.

पटण्यासारखं आहे. पण आधी काय आणि नंतर काय? शिकागोचं उदाहरण घ्या. हॅरॉल्ड वॉशिंग्टन तिथले पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले १९८३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी मतदार नोंदणीची मोठी मोहीम झाली होती आणि लाखाहून अधिक नवी नावं यादीत आली होती. मग महापौरानं मतदार जागे केले, की जाग्या मतदारांनी महापौर आणला? मिसिसिपीत तर हा क्रम आणखी स्पष्ट दिसतो. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापूर्वी तिथं जेमतेम ७ टक्के कृष्णवर्णीयांची नोंदणी होती, ती १९६७ पर्यंत सुमारे ६० टक्क्यांवर गेली. आणि विसाव्या शतकात त्या राज्यातून काँग्रेसमध्ये गेलेले पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी माइक एस्पी निवडून आले १९८६ मध्ये! नोंदणी म्हणजे मतदान नव्हे, हे मान्य. पण लोक आधी आले, प्रतिनिधी नंतर, हे तरी दिसतंच.

२००१ मध्ये क्लॉडिन गे यांनी मतदानाच्या आकड्यांवरून हा समज आणखी हलवला. कृष्णवर्णीय प्रतिनिधी असल्यानं कृष्णवर्णीयांचं मतदान क्वचितच वाढतं, उलट गोऱ्यांचं मात्र कमी होतं, असा त्यांचा निष्कर्ष.

‘मग ओबामांचं काय?’ असं कुणीही विचारेल. प्रश्न रास्त आहे. जनगणना खात्याच्या सर्वेक्षणानुसार २०१२ मध्ये कृष्णवर्णीयांचं मतदान ६६ टक्क्यांच्या पुढं गेलं, म्हणजे गोऱ्यांच्याही पुढं. २०१६ मध्ये ओबामा उमेदवार नव्हते आणि ते ६० च्या खाली आलं. चेहऱ्याचा परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या चेहऱ्यामागं घरोघर जाणारे कार्यकर्ते होते, हेही विसरून चालणार नाही.

इथं बर्नार्ड फ्रागा यांचं २०१८ चं ‘द टर्नआउट गॅप’ हे पुस्तक उपयोगी पडतं. त्यांचं म्हणणं असं, की उमेदवार कोण यापेक्षा मतदारसंघात त्या समाजाचं वजन किती, यावर मतदान अवलंबून असतं. जिथं तुमच्या मतांनी निकाल फिरू शकतो, तिथं पक्ष तुमच्या दारात येतो. जिथं फिरत नाही, तिथं कोण कशाला येतोय?

आम्हाला हे बरंचसं पटतं. अडचण एवढीच, की समाजाचा उमेदवार बहुधा तिथंच उभा राहतो जिथं त्या समाजाची संख्या असते. या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या करता येतात, प्रत्यक्ष वस्तीत तितक्या नाही. आणि वजन हे काही आपोआप ठरत नाही. मतदारसंघाच्या रेषा कुणीतरी आखत असतं.

अलाबामात कृष्णवर्णीय लोक एक चतुर्थांशाहून अधिक. काँग्रेसच्या जागा सात. त्यातल्या एकाच जागेवर त्यांच्या मतांना जोर होता. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नकाशा मतदान हक्क कायद्याशी विसंगत ठरवणारा निकाल कायम ठेवला. नकाशा बदलला आणि २०२४ मध्ये दुसऱ्या जागेवरूनही कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून आला.

आता धोका कुठं आहे पाहा. ‘आपला प्रतिनिधी असून मतदान वाढत नाही, मग असे मतदारसंघ हवेत कशाला?’ असा युक्तिवाद गे यांच्या आकड्यांवरून सहज करता येतो. तो चुकीचा आहे. हे मतदारसंघ मोडले तर एक प्रतिनिधी जातोच, शिवाय तिथल्या हजारो लोकांची मतं निकालाच्या हिशेबातून बाहेर पडतात.

आपल्याला हा वाद अनोळखी नाही. १९३२ मध्ये पुणे कराराच्या वेळी मुद्दा हाच होता, की राखीव जागेवरचा माणूस निवडून येणार तो कुणाच्या मतांवर? म्हणून मतदानाचे आकडे वाचताना उमेदवाराची जात किंवा वर्ण पाहून थांबू नये. त्या मतदारसंघाचा नकाशाही शेजारी ठेवावा, आणि प्रचाराच्या काळात त्या वस्तीत कोण कोण फिरकलं होतं, तेही विचारावं.